जस्त काळे पडते, चांदी पांढरी राहते

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील सरस्वती भुवन विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्राचे विद्यार्थी अणूची जी कवचरचना अभ्यासतात, तिचा परिणाम याच शहरातील बिदरी कारागिराच्या कामात डोळ्यांनी पाहता येतो. बिदरीचे भांडे बहुतांश जस्ताचे असते आणि त्यात थोडे तांबे मिसळलेले असते. ओतून घेतलेले भांडे घासून गुळगुळीत झाले की त्यावर मोरचुदाचे पाणी लावतात. त्याने राखाडी पृष्ठभाग काळवंडतो आणि पुढे कलमाने कोरलेली रेघ त्यावर उजळ उठून दिसते.

हे काळवंडणे म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवघेव होय. अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जापातळ्यांत राहतात त्यांना कवचे म्हणतात आणि जस्ताच्या 30 इलेक्ट्रॉनांची मांडणी 2, 8, 18, 2 अशी असते. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन मोरचुदातील तांब्याच्या आयनाला मिळतात, तेव्हा जस्त विरघळते आणि तांबे बारीक कणांच्या गडद थरात पृष्ठभागावर बसते.

कोरलेल्या रेघांत ठोकून बसवलेली चांदीची तार मात्र वेगळी वागते, आणि येथे बाह्य इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरून क्रियाशीलता ठरवण्याचा शालेय नियम अपुरा पडतो. चांदीच्या बाह्यतम कवचात सोडियमप्रमाणे एकच इलेक्ट्रॉन असतो. तरी तो काढण्यास सोडियमला मोलमागे सुमारे 496 किलोजूल, तर चांदीला 731 किलोजूल ऊर्जा लागते, कारण चांदीच्या आतील 18 इलेक्ट्रॉनांचे कवच केंद्रातील 47 प्रोटॉनांचे आकर्षण पुरेसे अडवत नाही. सुट्या अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढणे जस्तात याहूनही अवघड, म्हणजे 906 किलोजूलांचे असते. असे असूनही जस्त अधिक क्रियाशील ठरते, याचे कारण पूर्ण भरलेल्या उपकवचांमुळे त्याचे अणू धातूत एकमेकांना सैल धरून असतात (जस्त 420 अंश सेल्सिअसला वितळते, चांदी 962 अंशांना) आणि त्याचा लहान, दुहेरी धनभारित आयन पाण्याशी घट्ट बांधला जाताना पुष्कळ ऊर्जा मुक्त होते. केवळ बाह्य इलेक्ट्रॉन मोजून क्रियाशीलता सांगता येत नाही, हे या एका भांड्यात जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कोठे होत असेल.

शेवटी नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती यांचा लेप कोमट भांड्यावर चोळतात. त्याने जस्त-तांब्याचा पृष्ठभाग गडद काळा होतो, आणि धुऊन तेल लावल्यावर चांदीची वेलबुट्टी पांढरी चमकते. पुढे हवेतील गंधकयुक्त वायूंनी तीही हळूहळू मंदावते, पण तो थर पुसून काढता येतो.