पंचनाम्यावरची सही

पहाटे साडेपाचला मी हरमलच्या किनाऱ्यावर फिरायला निघतो. एकीकडे रापणकार दोर आवरत असतात, दुसरीकडे रात्रभर जागलेले पाहुणे झोकांड्या खात खोल्यांकडे परतत असतात. इथे नशेचा माल विकला जातो हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचेल ही आम्हा गावकऱ्यांची खरी धास्ती. विकणाऱ्याला सरळ फासावर चढवा असे कोणी म्हणाले, की त्यामागचा संताप मला कळतो. मीही याच गावात मुले वाढवली आहेत.

साडेसातला घरी परततो तर सोप्यावर डिचोलीहून आलेली एक आई बसलेली. मुलगा कोठडीत आहे.

"वकीलबाब, नखाएवढे कागद हो ते. त्यासाठी दहा वर्षं?"

"होय मावशी, किमान दहा." एलएसडीची व्यावसायिक मात्रा अमली पदार्थविरोधी कायद्याने 0.1 ग्रॅम धरली आहे. ती भरली की शिक्षा 10 ते 20 वर्षे, आणि कलम 37 मुळे जामीन जवळजवळ बंद. एलएसडी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, पण ज्या कागदावर ते जिरवलेले असते त्याचेही वजन धरायचे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ठरवले. म्हणजे माणसाचे अर्धे तारुण्य कागदाच्या वजनावर ठरू शकते. हे तिला समजावून सांगताना माझाच घसा कोरडा पडला. चहा न घेताच ती उठली.

साडेआठची बस. मांद्रे, चोपडे, मग शापोरावरचा पूल. शेजारी गावातलेच एक निवृत्त मास्तर. पेपरात छाप्याची बातमी होती, ती दाखवून म्हणाले, "सिंगापूरला बघा, फाशी म्हणजे फाशी!" मास्तरांना मी सिंगापूरचीच गोष्ट सांगितली. तिथे 15 ग्रॅमहून जास्त हेरॉइन किंवा 500 ग्रॅमहून जास्त गांजा नेला की कायद्याने मृत्युदंड. पण 2013 पासून, नुसता माल वाहून नेणाऱ्याच्या बाबतीत काही अटींवर न्यायाधीशाला जन्मठेप देता येते. नागेंद्रन धर्मलिंगम या मलेशियन तरुणाला मात्र ती सवलत मिळाली नाही. त्याच्याकडे 42.72 ग्रॅम हेरॉइन सापडले होते. त्याचा बुद्ध्यांक 69 असल्याचे न्यायालयासमोर आले होते, तरी 27 एप्रिल 2022 ला त्याला फाशी झाली. त्याच्या मायदेशाने, मलेशियाने, पुढच्याच वर्षी सक्तीचा मृत्युदंड कायद्यातून काढला. मास्तर गप्प झाले, पण त्यांना पटले असे मला वाटले नाही. शिवोलीला ते उतरले.

साडेदहा, म्हापसा, कोर्ट. आज पंचाची उलटतपासणी. मुद्देमालाचे पाकीट टेबलावर आले. तपकिरी कागद, वर दोरा, दोऱ्याच्या गाठीवर लाखेचे सील, चिकटवलेल्या चिठ्ठीवर तीन सह्या. लाखेचा एक कोपरा उडालेला, आणि त्यावरची मुद्रा वाचता येत नव्हती. पंच म्हणजे किनाऱ्यावरच्या एका शॅकमधला वेटर, इस्त्री केलेला शर्ट घालून आलेला. मी विचारले, "वजन तुमच्यासमोर झालं?"

त्याने आधी न्यायाधीशांकडे पाहिले. "काटा गाडीत होता. मी बाहेर रस्त्यावर उभा होतो."

"मग सही कुठे केली?"

"नंतर. कागद तयार होते. मला गिऱ्हाइकांकडे परत जायचं होतं."

माझा अशील दोषी आहे की नाही, हे या उत्तराने ठरले नाही. तो दोषी असेल आणि सुटला, तर त्याची झळ माझ्याच गावाला लागेल. निर्दोष असेल, तर या सहीपायी त्याची दोन वर्षे आधीच तुरुंगात गेली. या कायद्यात ताबा सिद्ध झाला की आरोपीच्या मनात गुन्हेगारी हेतू होता असे कलम 35 प्रमाणे गृहीत धरतात आणि ते खोडण्याचे ओझे त्याच्यावर येते. त्यात भर म्हणून न्यायाधीशाच्या हातात फक्त फाशी ठेवायची? मला ते कदापि मान्य नाही.

जेवणाच्या सुट्टीत एका ज्युनिअरने हाच विषय काढला. 1985 च्या याच कायद्यात 1989 ला कलम 31-अ घातले गेले. ठरावीक मात्रेचा गुन्हा पुन्हा केला तर मृत्युदंड, दुसरा पर्यायच नाही. 2008 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसाच्या प्रकरणात एका काश्मिरी आरोपीला ती शिक्षा सुनावली. 16 जून 2011 ला आपल्याच उच्च न्यायालयात, न्यायमूर्ती खानविलकर आणि भंगाळे यांच्यापुढे, ही सक्ती राज्यघटनेच्या कलम 21 शी विसंगत ठरली. मृत्युदंड शक्य राहिला, पण द्यायचा की नाही हे न्यायाधीशाने ठरवायचे. त्या आरोपीची फाशीही पुढे रद्द झाली. 2014 च्या दुरुस्तीत संसदेनेही सक्ती काढली. अशा गुन्ह्यासाठी भारतात आजवर कोणी फासावर गेलेले नाही. तरी मागणी थांबत नाही. 2018 मध्ये पंजाबच्या मंत्रिमंडळाने तर पहिल्याच गुन्ह्याला फाशी द्या, अशी शिफारस केंद्राकडे केली.

पाचला परतीची बस, सहाला हरमल. किनाऱ्यावर ढोल घुमताहेत, बघ्यांचे कडे जमले आहे. माल कुठून येतो, पैसा कोणाच्या खिशात जातो, हे उघड करणारा खटला इतक्या वर्षांत माझ्या हाती आलेला नाही. येतात ते स्कूटरवाले, वेटर, परराज्यातली कामगार पोरे. फाशी सक्तीची केली तर फासावर याच रांगेतले जातील आणि वरचा मालक दुसरा पोर शोधेल.

रात्री नऊला उद्याची कागदपत्रे लावून ठेवली. तेव्हा, पेडण्यातल्या माझ्या बांधवांनो, तुम्हाला कोणी पंच म्हणून बोलावले तर टाळू नका, जा. काट्यावरचा आकडा स्वतः वाचा, लाख आपल्या डोळ्यांदेखत लावून घ्या, पंचनामा पूर्ण वाचा, आणि मगच सही करा.