पॉलिसी घेण्याआधी घरातले कागद तपासा : आरोग्यविम्याचे सरकारी आणि खासगी पर्याय

धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी आणि आसपासच्या गावांत मोठा आजार म्हणजे आधी गाडीची शोधाशोध. हृदयाची शस्त्रक्रिया, कॅन्सर किंवा डोक्याला गंभीर मार लागला असेल, तर धाराशिव गाठायचे आणि तिथूनही अनेकदा सोलापूर किंवा लातूर. गाडीभाडे, अनामत रक्कम आणि तपासण्यांत पहिल्या दोन दिवसांतच घरची शिल्लक संपते. मग दागिने गहाण पडतात, सावकार किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज येते आणि त्याचे हप्ते फेडताना मुलांचे शिक्षण थांबते. रुग्ण बरा होतो, पण कुटुंब कित्येक वर्षे मागे जाते.

त्यामुळे वस्तीतले नोकरीला लागलेले तरुण विचारतात, "कोणती पॉलिसी घेऊ?" प्रश्न चांगला आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, आपल्या घराला आधीच कोणते संरक्षण आहे आणि ते वापरता येईल असे कागद तयार आहेत का?

१. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत

राज्यात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि आता राज्यात दोन्ही एकत्रित चालतात.

पूर्वी फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती ५ लाख रुपये झाली. आधी पिवळे, केशरी, अंत्योदय आणि अन्नपूर्णा कार्डधारक पात्र होते. धाराशिवसह १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही त्यात होते. नव्या निर्णयाने राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक आणि अधिवासी कुटुंबांना दार उघडले. यासाठी कुटुंबाला एक रुपयाही हप्ता भरावा लागत नाही.

७० वर्षे आणि त्यापुढील व्यक्तींसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असले, तरी घरातल्या ज्येष्ठांसाठी वेगळे ५ लाख मिळतात. आजी-आजोबांचे आधार कार्ड घेऊन हे काम आजच करता येते.

या योजनेच्या मर्यादाही नीट समजून घ्या.
- उपचार फक्त योजनेत समाविष्ट (अंगीकृत) रुग्णालयातच मिळतात. एखादे रुग्णालय हृदयरोगासाठी योजनेत असेल, पण हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी नसेल, असेही असते.
- यादीतलेच उपचार मिळतात. काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत.
- बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, साधा ताप, बाह्यरुग्ण तपासणी यांचा खर्च यात येत नाही.
- ५ लाख हे पूर्ण कुटुंबाचे मिळून, एका वर्षाचे आहेत.

रुग्णालयात पोहोचताच बिलिंगच्या खिडकीआधी 'आरोग्यमित्रा'ला भेटा. रेशन कार्ड आणि ओळखपत्र दाखवून नोंदणी करा. उपचाराआधी ऑनलाइन पूर्वमंजुरी लागते. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरीची सोय आहे. मंजूर उपचारासाठी रुग्णालयाने पैसे मागितले, तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करा. आयुष्मानसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयुष्मान कार्ड योजनेत सहभागी असलेल्या इतर राज्यांतही चालते. आपले नाव आयुष्मानच्या यादीत आहे का, हे गाव सोडण्याआधीच पाहा आणि कार्डाची प्रत सोबत न्या.

२. कंपनीत काम करणाऱ्यांसाठी ईएसआय

पुणे, चाकण, मुंबईकडे कंत्राटी कामाला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी पगारपत्रक काढून बघावे. साधारण १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल, तर ईएसआय लागू होते. कामगाराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम जमा होते. त्यात कामगारासह पती-पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील येतात. आजारपणातल्या सुट्टीचा भत्ता आणि बाळंतपणाचा लाभही आहे. पैसे कापले जातात, पण कार्ड काढलेलेच नाही किंवा गावाकडच्या आईवडिलांची नावे घातलेली नाहीत, ही चूक फार ठिकाणी दिसते.

हा हक्क आपोआप आलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, त्या काळात, मार्च १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. विमा हा कामगाराचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नाही, हे त्या कायद्याचे सूत्र आहे.

३. खासगी पॉलिसी कोणी घ्यावी?

नियमित उत्पन्न आहे, ईएसआय लागू नाही आणि हप्ता दरवर्षी न चुकता भरता येईल, अशा कुटुंबाने खासगी पॉलिसीचा विचार जरूर करावा. योजनेत नसलेले रुग्णालय किंवा यादीबाहेरचा उपचार लागला, तर तिचा उपयोग होतो. कर्ज काढून हप्ता भरणे मात्र टाळा. हप्ता चुकला आणि सवलतीची मुदतही गेली, तर पॉलिसी बंद पडते. कंपनीने काढलेला गट विमा नोकरी सुटली की संपतो, हेही ध्यानात ठेवा.

सही करण्याआधी एजंटला पाच प्रश्न विचारा.
- जुने आजार कधीपासून कव्हर होणार? नियमाप्रमाणे ही प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षे. अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस थांबावे लागते.
- खोलीभाड्याला मर्यादा आहे का? ३ लाखांच्या पॉलिसीत रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये मर्यादा असेल आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतली, तर डॉक्टरांच्या फीसारख्या इतर खर्चातही निम्मी कपात होऊ शकते.
- को-पे किती? म्हणजे प्रत्येक बिलातला आपल्या खिशातला वाटा किती टक्के.
- कॅशलेस रुग्णालये कोणती? सोलापूर, लातूर, धाराशिवची नावे यादीत स्वतः पाहा.
- फॉर्ममध्ये काय लिहिले? शुगर, बीपी, जुने ऑपरेशन लपवू नका. "लिहायची गरज नाही" असे एजंट म्हणेल, पण क्लेम नाकारला गेला की भोगावे आपल्याला लागते.

पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही. कोणी तो मागत असेल, तर जाब विचारा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आणखी एक गैरसमज. बँक खात्यातून वर्षाला ४३६ आणि २० रुपये कापले जातात, म्हणून अनेकांना वाटते की आपला आरोग्यविमा आहे. ४३६ चा जीवनविमा आहे आणि २० चा अपघात विमा. मृत्यू किंवा अपघाती अपंगत्व आल्यावर त्यांचे पैसे मिळतात. दवाखान्याचे बिल त्यातून भरले जात नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

आषाढी पौर्णिमा ते अश्विनी पौर्णिमा या वर्षावासाच्या काळात विहारात लोक नियमित जमतात. रोज वंदनेनंतर अर्धा तास दिला, तरी तीन महिन्यांत पूर्ण वस्तीची वही तयार होते. त्या वहीत प्रत्येक घरासमोर पाच रकाने करा : रेशन कार्डात सर्वांची नावे आहेत का, आधार आणि रेशन कार्डावरची नावे जुळतात का, आयुष्मान कार्ड निघाले का, घरात ७० वर्षांवरील कोणी आहे का, कोणाला ईएसआय आहे का. सून आणि लहान मुले यांची नावे सर्वाधिक राहून जातात, ती आधी बघा.

नाव वाढवायला तहसीलच्या पुरवठा शाखेत वेळ लागतो. रुग्ण आयसीयूत असताना तो वेळ आपल्याकडे नसतो. म्हणून ही वही सगळे धडधाकट असतानाच भरून ठेवा आणि दोन्ही टोल फ्री क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा.