श्वानांची खानेसुमारी

सन १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात जो दंगा उसळला, त्याच्या मुळाशी ना राजकारण होते, ना धान्याची टंचाई. त्याचे कारण होते रस्त्यावरची कुत्री. उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारावीत आणि मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळावे, असा कंपनी सरकारचा दंडक होता; इनामाच्या लोभाने पोलिसांचे हस्तक पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले, तेव्हा ज्यांच्या अंत्यविधीतही श्वानाला स्थान आहे असा पारशी समाज चवताळून उठला, शिपायांना मार बसला आणि शहरात कडकडीत हरताळ पडला. या हकिकतीकडे इतिहासकार आपापल्या दृष्टीने पाहोत. रोगप्रतिबंधाचा विचार करणाऱ्याच्या नजरेस तीत जे भरते ते असे की, रस्त्यावर दिसले ते कुत्रे बेवारशी, हे सरकारने गृहीत धरले होते आणि मेलेल्या कुत्र्यांच्या संख्येलाच कामगिरीचे माप मानले होते. ही दोन्ही गृहीते आज जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही आपल्या नगरपालिकांच्या दप्तरांतून पुरती हद्दपार झालेली नाहीत.

कुत्री कमी झाली की रेबीज कमी होईल, हे अनुमान वरकरणी इतके निर्विवाद वाटते की त्याची परीक्षा घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. परीक्षा घडली ती दूर इंडोनेशियात. फ्लोरेस बेटावर १९९७ साली मच्छीमारांच्या होडीतून आलेल्या मोजक्या कुत्र्यांबरोबर या रोगाने प्रथमच पाऊल टाकले. अधिकाऱ्यांनी कुत्र्यांची सरसकट कत्तल आरंभिली, लक्षावधी कुत्री मारली गेली, आणि रोग मात्र बेटावर कायमचा मुक्काम करून राहिला. पुढे २००८ साली बालीत रेबीज शिरला तेव्हा पहिला उपाय पुन्हा कत्तलीचाच झाला, आणि रोगाला खरा उतार पडू लागला तो २०१० पासून बेटभर लसीकरण सुरू झाल्यानंतर. असे का व्हावे? एक तर कत्तलीची कुणकुण लागताच मालक आपले कुत्रे नातलगाच्या गावी पोचवितो, आणि त्या कुत्र्याच्या अंगात रोग मुरत असेल तर तोही त्याच्याबरोबर नव्या मुलखात जातो. दुसरे म्हणजे, मारलेल्या कुत्र्याच्या जागी घरोघर नवे पिलू येते, ज्याला लशीचा स्पर्शही झालेला नसतो. आणि विष घालणाऱ्याला लस टोचलेले कुत्रे व न टोचलेले कुत्रे यांत भेद करता येत नाही, त्यामुळे कष्टाने मिळविलेली प्रतिकारशक्तीही त्याच खड्ड्यात पुरली जाते.

या रोगाचे गणित तसे माणसाला अनुकूल आहे. गोवराचा एक रोगी प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात बारा ते अठरा जणांना रोग देतो, असे मानतात. पिसाळलेले एक कुत्रे मात्र सरासरीने एकाहून किंचित अधिक, क्वचित दोन कुत्र्यांनाच तो देते. टांझानियातील सेरेंगेटीच्या परिसरात चावणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचा माग काढून संशोधकांनी ही गोष्ट दाखवून दिली. शिवाय पिसाळलेले कुत्रे सैरावैरा मैलोगणती धावत सुटते, म्हणून वस्तीत कुत्री दाट आहेत की विरळ याने रोगाच्या प्रसारात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो गाठ पडलेल्या कुत्र्यांपैकी कितींच्या रक्तात प्रतिकारशक्ती आहे याने. एकाने सरासरी दीड कुत्र्यांना रोग द्यावा, असे धरले तरी शंभरांतील तेहतीस-चौतीस कुत्री सुरक्षित असली की साखळी तुटते.

मग शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस टोचावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक इतका कडक कशासाठी? याचे उत्तर विषाणूपेक्षा कुत्र्याच्या आयुर्मानात अधिक सापडते. रस्त्यावरचे कुत्रे अल्पायुषी. बहुतेक पिले वर्षही पाहत नाहीत आणि जी जगतात तीही गाड्यांखाली, उपासमारीने वा खरजेने लवकर संपतात. समजा, वर्षभरात शंभरांपैकी चाळीस कुत्री मेली आणि तितकीच नवी आली. तर मोहिमेच्या दिवशीचे सत्तर वर्षअखेरीस बेचाळीस उरतात. सुरुवात पन्नासांवर केली असेल तर उरतात तीस, म्हणजे नेमके त्या धोक्याच्या रेषेखाली. सत्तरांतला वरचा हिस्सा ही अशी वर्षभराच्या झिजेची आगाऊ तरतूद आहे.

पण सत्तर टक्के कशाचे? येथे येऊन भल्याभल्या योजना अडखळतात, आणि माझ्या मते आपल्या देशातील रेबीजचा प्रश्न लशीच्या कुपीत नसून याच हिशेबात अडकलेला आहे. २०१९ च्या पशुगणनेने देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री असल्याचे नोंदविले; इतरांचे अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. दीड कोटी धरून लस मागविली आणि कुत्री तीन कोटी निघाली, तर कागदावरचे सत्तर टक्के गल्लीत पस्तीस होतात. हा घोळ मोजणाऱ्यांच्या आळसामुळे होतो असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण कुत्र्याची मालकी ही आपल्याकडे सात-बाऱ्यावर चढणारी गोष्टच नव्हे. तळकोकणातल्या एखाद्या वाडीवर गणक जातो आणि पडवीच्या कडेला निजलेल्या तांबूस कुत्र्याकडे बोट दाखवून विचारतो, “हे कुत्रं कोणाचं?” उत्तर येते, “कोणाचा नाय, हयंच रवता.” मग खायला कोण घालते, असे विचारले तर, “आमीच घालतो मां!” नाव? “मोत्या.” आणि लशीसाठी जरा धरून द्याल का म्हटले, की घरधनी दोन पावले मागे सरतो, “नाय हो, चावात तो!” हा मोत्या पहिल्या प्रश्नाच्या रकान्यात बेवारशी ठरतो, दुसऱ्याच्या रकान्यात पाळीव, आणि ज्या प्रश्नाच्या उत्तरावर मोहिमेचा सारा खर्चवेच अवलंबून असतो, तो त्याला धरण्याचा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही.

आफ्रिकेतील अनेक गावांत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तेथील बहुतांश कुत्र्यांना मालक असतो, आणि शाळेच्या मैदानात टेबल मांडून बसले की पोरेटोरे दोरीला बांधून कुत्री घेऊन येतात. तेथे अडचण निघाली ती वेगळीच: चाड देशाच्या राजधानीत, न्जामेनात, लशीचे पैसे आकारून पाहिले तेव्हा जेमतेम चोवीस टक्के कुत्र्यांना लस मिळाली. पुढे २०१२ आणि २०१३ साली तीच लस मोफत दिली तेव्हा प्रमाण सत्तरांच्या वर गेले आणि शहरातील रोगाचे संक्रमण काही महिने पूर्णपणे थांबले. नंतर बाहेरच्या मुलखातून रोग परत आला ती गोष्ट निराळी. मालक आपल्या कुत्र्यावर प्रेम करीत नव्हता असे नव्हे. पण प्रेमाची सीमा खिशापाशी कोठे येते, हे योजना आखणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते.

आपल्याकडे मोत्यासारख्यांचा भरणा मोठा असल्यामुळे मैदानात टेबल मांडून भागत नाही, याचा अनुभव गोव्याने घेतला. तेथे २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि पुढे राज्य सरकार यांनी मिळून जी मोहीम चालविली, तिची रीत पाहण्यासारखी आहे. सकाळी जाळीवाल्यांची तुकडी वाड्यावाड्यांतून फिरते. एक जण कुत्र्याला बोलण्यात गुंतवतो, दुसरा मागून लांब दांड्याची जाळी टाकतो, तिसरा मांडीत सुई टोचतो, चौथा रंगाचा पट्टा ओढतो, आणि कुत्रे काय घडले हे कळण्याआधीच मोकळे सुटते. प्रत्येक टोचणीची जागा मोबाइलवर नोंदली जाते, त्यामुळे कोणती गल्ली राहिली हे संध्याकाळी नकाशावर दिसते. त्यानंतर दुसरी तुकडी सुईविना, केवळ वही-पेन्सिलीच्या कामासाठी निघते. समजा, पहिल्या दिवशी एका प्रभागात १२० कुत्र्यांना रंग लागला. दुसऱ्या दिवशी वाटेत १०० कुत्री दिसली व त्यांतील ६० रंगीत निघाली. म्हणजे दिसणाऱ्यांतील साठ टक्के रंगलेली. तर १२० हे साऱ्या संख्येचे साठ टक्के, आणि प्रभागात कुत्री २००. सत्तर टक्क्यांना अजून वीस कुत्री कमी, हे रंग वाळण्यापूर्वीच कळते आणि जाळीवाले त्याच गल्लीत पुन्हा पाठविता येतात.

या मोहिमेने वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस टोचून सत्तर टक्क्यांचा पल्ला गाठला, शाळांमधून दरवर्षी दीड लाख मुलांपर्यंत रेबीजची माहिती पोचविली, आणि २०१९ पर्यंत कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले; माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. पोटात चौदा सुया टोचून घेण्याची धास्ती ज्या पिढीने अनुभवली, तिला कदाचित या आकड्यांचे मोल अधिक कळेल.

वेळापत्रकाचीही एक गोष्ट आहे, आणि ती खेड्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला ठाऊक असते: कुत्र्यांचा भाद्रपद. सुमारे त्रेसष्ट दिवसांचा गर्भकाळ धरला तर पिलांची झुंबड कार्तिक-मार्गशीर्षात उडते. जयपूरच्या नसबंदी-नोंदींतही प्रजननाचा असाच ऋतू दिसतो. मोहीम आश्विनात आटोपली तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत जन्मणारी सारी फौज लशीवाचून राहते. त्यात तीन महिन्यांखालची पिले वगळण्याचा जुना प्रघात आहे, जो आरोग्यसंस्थांना आता मान्य नाही. मुले ज्यांना कुरवाळतात ती पिलेच सुटावीत, यापरते दुर्दैव कोणते?

सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्री सरसकट आश्रयस्थानी हलविण्याचा आपला ११ ऑगस्ट २०२५ चा हुकूम २२ ऑगस्टला बदलला आणि पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत, असे सांगितले. भूतदया आणि भीती यांच्या भांडणात हा निकाल कोणाच्या पदरात पडला, याची चर्चा पुष्कळ झाली. पण गल्लीतले टोचलेले कुत्रे उचलले की त्या गल्लीची टक्केवारी त्याच दिवशी उतरते, हा कोरडा मुद्दा क्वचितच ऐकू आला. नसबंदी झालेल्या कुत्र्यांचा आकडा आपल्या पालिका अहवालांत ठळकपणे छापतात. त्याच्या शेजारी प्रभागवार लसीकरणाचे प्रमाण आणि ते मोजण्याची पद्धत छापण्याची सक्ती करावी, एवढी माफक मागणी नागरिकांनी करायला हरकत नाही.

गोव्यापुढे आता प्रश्न आहे तो सरहद्दीचा. उत्तरेस दोडामार्ग-सावंतवाडी, पूर्वेस बेळगाव, दक्षिणेस कारवार. नाक्यावर गाड्यांचे कागद तपासले जातात, कुत्री मात्र शेतांतून बिनदिक्कत ये-जा करतात. सीमेलगतच्या गावांत पलीकडच्या बाजूनेही त्याच सुमारास, त्याच मापाने सुई टोचली गेली तर अलीकडची मेहनत टिकेल. आणि त्यासाठी तीन राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी आपापल्या गावांच्या याद्या एका टेबलावर मांडणे भाग आहे.