सामाजिक अंकेक्षण : धास्ती कोणाला, कशाची?

‘अंकेक्षणवाले येणार’ म्हटले की ग्रामपंचायतीची कपाटे उघडतात, जुन्या मोजमाप पुस्तिकांची शोधाशोध सुरू होते. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने (कलम १७) कामांचे सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावानेच कामे व खर्च तपासणे, ग्रामसभेकडे सोपवले. २०११ च्या नियमांनी ते सहा महिन्यांतून किमान एकदा करायचे ठरवले. पडताळणीला येणारी माणसे त्याच ग्रामपंचायतीतली नसावीत, अशी अटही घातली. सामाजिक अंकेक्षणाची मूळ प्रेरणा १९९४ पासूनच्या राजस्थानातील जनसुनावण्यांची.

पडताळणीत हजेरीपट (मस्टर) मोठ्याने वाचतात. नाव आले की मजुराला विचारतात, किती दिवस गेलात, मजुरी खात्यात आली का? योजनेतून खोदलेल्या विहिरीत टेप सोडून खोली मोजतात. ग्रामरोजगार सेवकाला धास्ती असते ती गैरव्यवहार निघाल्यास वसुली आपल्याच माथी येण्याची. मजुराची भीती त्याहून खोल, आणि तिची दखल फारशी कोणी घेत नाही : आज सरपंचांसमोर खरे बोललो, तर उद्या काम मिळेल का? म्हणून त्याचे म्हणणे आधी घरी जाऊन, एकांतात ऐकायला हवे. ग्रामसभेत मस्टर, बिले, व्हाउचर जरूर मागा. ती उपलब्ध करून देण्याची जबाबदारी २००५ च्या कायद्याने ग्रामपंचायतीवर टाकली.