आज बसायचंय, मग गोळी नको?

आषाढ संपत आला की कोल्हापुरात गटारीचे बेत शिजू लागतात. मटण किती किलो, तांबडा कोण करणार, हे ठरता ठरता कुणीतरी म्हणतंच, "अँटिबायोटिक चालू हाय न्हवं, मग आजची गोळी ऱ्हाऊ दे. पेगनं पॉवर जाती तिची."

पॉवर जात नाही हो! अमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिन एका पेगने निकामी होत नाही. आजारपणात पिऊ नये हे खरंच. पण नेहमीच्या बहुतेक अँटिबायोटिक्सवर बेताने प्यायल्यास त्रासाची शक्यता कमी, असं ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही सांगते. अमॉक्सिसिलिन बहुधा आठ-आठ तासांनी देतात, कारण ते शरीरातून झटपट निघून जातं. डोस चुकवला की जंतूंचं फावतं. उलट अझिथ्रोमायसिन निम्मं व्हायलाच सुमारे ६८ तास लागतात. म्हणजे संध्याकाळची गोळी टाळली तरी रात्री औषध अंगात असतंच. पथ्य साधलं नाही ते नाहीच, उपचार मात्र बिघडला.

खरी सावधगिरी हवी ती मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोलला. दाढ सुजली, जुलाब लागले की हमखास मिळणारी ही औषधं. चेहरा लाल होणं, छाती धडधडणं, उलट्या असा त्रास होऊ शकतो, म्हणून उपचार चालू असताना आणि संपल्यावरही ३ दिवस दारू नको. फिनलंडमध्ये २००२ साली मेट्रोनिडाझोलच्या चाचणीत अशी प्रतिक्रिया दिसली नाही, हेही खरं. पण ती मोजक्या निरोगी पुरुषांवरची चाचणी. तिच्या भरवशावर ग्लास भरू नये. टीबीच्या आयसोनियाझिडबरोबर दारू म्हणजे यकृतावर दुहेरी मारा. लिनेझोलिडवर नळाची बिअर रक्तदाब चढवू शकते.

"बिअर म्हणजे काय दारू?" ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे दोन मोठे पेग.

"दारूनंच जंतू मरतात." सॅनिटायझरला किमान ६० टक्के अल्कोहोल लागतं, व्हिस्कीत ४२.८ टक्के, आणि रक्तात पोचतं ते नाममात्र.

"वर ताक प्यालं की बाधत नाही." ताकाने यातलं काहीच टळत नाही.

प्यायल्यानंतर गोळीची वेळ झालीच, तर अमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिन ठरल्याप्रमाणे घ्यावं. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल असेल, किंवा नाव ओळखीचं नसेल, तर आधी डॉक्टरांना फोन करून किती प्यायलो ते खरं सांगावं. उलट्या थांबेनात, दम लागला, तर सकाळची वाट न पाहता कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं कुठलंही रुग्णालय गाठा.