अग्नी, क्षार आणि जीवन

दूध नासू नये म्हणून आपल्या घरी ते तापवितात. लोणचे टिकावे म्हणून त्यात मीठ सढळ हाताने घालतात. मासळी खारवून पावसाळ्याची बेगमी करतात. या साऱ्या रीतींच्या मुळाशी एकच अनुभव आहे. अग्नी आणि क्षार हे जीवजंतूंचे वैरी होत, हा तो अनुभव. तो खोटा नाही. परंतु त्यावरून ‘जेथे पाणी उकळते किंवा क्षार साचतो, तेथे जीवन असणेच अशक्य’ असा सिद्धान्त कोणी काढील, तर तो निसर्गाला मुळीच मान्य नाही. तो का मान्य नाही, हे वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेतील यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानात भूमीच्या पोटात अद्याप ज्वालामुखीची धग आहे. त्यामुळे तेथे जागोजाग ऊन पाण्याचे झरे वाहतात. १९६६ साली टॉमस ब्रॉक हे शास्त्रज्ञ आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी अशाच एका झऱ्यातून एक सूक्ष्म जीव मिळविला. त्याचे नाव थर्मस अ‍ॅक्वाटिकस. हात घालताच पोळून निघेल अशा सुमारे ७० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यात हा जीव केवळ तग धरीत नाही, तर तेथेच तो सर्वांत चांगला वाढतो.

हे कसे घडते? अंडे उकडले म्हणजे त्यातील पांढरा बलक घट्ट होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. बलकातील प्रथिनांचे सूक्ष्म धागे एका ठरावीक घडीत गुंडाळलेले असतात. उष्णतेने ती घडी विस्कटते आणि मग पूर्ववत होत नाही. आपल्या शरीरातील प्रथिनांचीही हीच गत होते. थर्मससारख्या जीवांची प्रथिने मात्र आतून अनेक बंधांनी घट्ट आवळलेली असतात. आपल्या प्रथिनांची घडी जेथे मोडते, तेथे त्यांची घडी शाबूत राहते.

या गुणाचा मनुष्याला मोठाच उपयोग झाला. १९८३ साली कॅरी मुलिस यांना आनुवंशिक द्रव्याच्या, म्हणजे डीएनएच्या, एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती सुचली. तीत मिश्रण वारंवार सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवावे लागे आणि प्रत काढणारे नेहमीचे प्रथिन दर खेपेस निकामी होई. थर्मसपासून मिळालेले प्रथिन ती उष्णता सोसते, असे आढळले आणि ही रीत जगभर रूढ झाली. मुलिस यांना १९९३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२० सालच्या महामारीत नाकातोंडातील स्राव घेऊन जी चाचणी घरोघरच्या माणसांनी करवून घेतली, तिच्या मुळाशी हीच रीत आहे.

यलोस्टोनच्या झऱ्यांवर निदान सूर्याचा प्रकाश तरी पडतो. समुद्राच्या तळाशी तोही नाही. १९७७ साली ‘अ‍ॅल्विन’ नावाची पाणबुडी प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २५०० मीटर खोल उतरली. तळाच्या भेगांतून तेथे ऊन पाणी बाहेर पडत होते आणि त्याभोवती शिंपले, खेकडे व पुरुषभर उंचीचे नळीसारखे कृमी यांची दाट वस्ती होती. या कृमींना ना तोंड, ना आतडे. त्यांच्या शरीरात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा जो गंधकयुक्त वायू तेथील पाण्यातून येतो, त्यापासून शक्ती मिळवून हे सूक्ष्म जीव अन्न तयार करतात आणि आपल्या यजमानालाही पोसतात.

२००८ साली जपानी शास्त्रज्ञांनी याहूनही नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. हिंदी महासागराच्या तळावरील अशाच एका उष्ण झऱ्यातून मिळालेला मेथॅनोपायरस नावाचा सूक्ष्म जीव मोठ्या दाबाखाली १२२ अंश उष्णतेतही वाढतो. परंतु उष्णमान ८० अंशांच्या खाली आले की त्याची वाढच थांबते! आपल्या चहाला ज्या उष्णतेने वाफा येतात, ती या जीवाला गारठा वाटावी अशी आहे. मग ‘प्रतिकूल परिस्थिती’ हा शब्द आपण कोणाच्या मापाने वापरतो?

असे जीव उत्पन्न कसे होतात, याचे एक सुंदर उदाहरण एकोणिसाव्या शतकात घडले. इंग्लंडमधील धर्मोपदेशक विल्यम डॅलिंजर यांना सूक्ष्मदर्शकाचा छंद होता. १८८० च्या सुमारास त्यांनी काही सूक्ष्म जीव सुमारे १६ अंशांच्या पाण्यात ठेविले आणि ती उष्णता अत्यंत सावकाश वाढविण्यास आरंभ केला. जीव मरू लागले की ते थांबत. नव्या पिढ्या स्थिरावल्या की पुन्हा किंचित पुढे जात. असे सुमारे सात वर्षे चालले. अखेरीस ७० अंशांत नांदणारे जीव तयार झाले, असे त्यांनी नोंदविले. परंतु पूर्वजांच्या १६ अंशांच्या पाण्यात परत घातले असता ते जगू शकले नाहीत. एकेका जीवाने मनाचा हिय्या करून उष्णता सोसली, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक पिढीत जे थोडे निराळे होते ते उरले आणि त्यांचाच वंश पुढे चालला. चार्ल्स डार्विन यांनी सांगितलेली नैसर्गिक निवड ती हीच.

आता आपण आरंभाकडे वळू. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानतात आणि सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जीवांच्या थरांच्या खुणा पश्चिम ऑस्ट्रेलियातील खडकांत सापडल्या आहेत. त्या काळी हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता. अशा पृथ्वीवर साध्या रसायनांपासून जीवन उद्भवले असावे, हा विचार रशियात ओपॅरिन यांनी १९२४ साली आणि इंग्लंडमध्ये हॉल्डेन यांनी १९२९ साली मांडला. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. १९५३ साली शिकागो येथे स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्या, तेव्हा प्रथिनांची घटकद्रव्ये असणारी अमिनो आम्ले निर्माण झाली. घटकद्रव्यांपासून सजीव नेमका कोठे घडला, याविषयी मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाही. समुद्रतळावरील झऱ्यांकडे बोट दाखविणारे पुष्कळ आहेत.

पुढे नील-हरित सूक्ष्म जीवांनी सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करताना प्राणवायू बाहेर टाकला आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला. त्या काळच्या पुष्कळ जीवांना हा वायू विषासमान होता. त्यांचे वंशज आज चिखलात, जनावरांच्या आतड्यांत, अशा प्राणवायू न पोहोचणाऱ्या जागी दडून आहेत. आपण ज्याला प्राणवायू म्हणतो, त्याने एके काळी कित्येकांचे प्राण घेतले असले पाहिजेत!

असे विलक्षण जीव पाहण्यासाठी समुद्रतळाशीच गेले पाहिजे असे नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने खडकात पडलेल्या प्रचंड खळग्यात साचलेले आहे. पाण्याला बाहेर वाट नसल्याने ते आटत गेले आणि क्षार मागे उरत गेले. येथील नील-हरित जीवांनी ते एरवी हिरवट दिसे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा हा रंग क्षारप्रिय सूक्ष्म जीवांचा असल्याचे आढळले. या जातीच्या बहुतेक जीवांना गोड्या पाण्यात टाकले तर ते फुगून फुटतात. आपली तहान भागविणारे पाणी त्यांचा अंत करते. म्हणून अशा सरोवरात गोडे पाणी व सांडपाणी बेसुमार मिसळले, तर आपल्या दृष्टीने पाणी ‘सुधारेल’, पण तेथील प्राचीन वस्ती मात्र उठून जाईल.

जीवन चिवट आहे खरे. परंतु हा चिवटपणा म्हणजे अमरत्व नव्हे. तो पिढ्यान्‌पिढ्या सावकाश मिळविलेला असतो आणि एका विशिष्ट स्थळाशी बांधलेला असतो. डॅलिंजर यांनी सात वर्षांची उष्णता एका दिवसात दिली असती, तर पात्रात काहीच उरले नसते. मनुष्य आज नद्या, सरोवरे आणि हवासुद्धा झपाट्याने बदलीत आहे. अशा वेळी कोणतीही जागा ओसाड वा निरुपयोगी ठरविण्यापूर्वी तेथे कोणाचा संसार चालू आहे काय, एवढे तरी पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. यलोस्टोनचा झरा ‘नुसते उकळते पाणी’ म्हणून कोणी बुजविला असता, तर आपण काय गमावले असते, ते वर सांगितलेच आहे.