'खुराक' आणि दूध : झाडीपट्टीच्या संदर्भात एक विचार

तालमीत 'खुराक' म्हणजे नुसते अन्न नव्हे. मूळ फार्सी शब्दाचा अर्थ तेवढाच असला, तरी मराठीत पहिलवानाच्या संदर्भात त्यातून दूध, तूप, बदाम व थंडाई यांचा बोध होतो. (खुद्द 'तालीम' हा शब्दही अरबीत 'शिक्षण' या अर्थाचा, त्याला माती लागली ती आपल्याकडे.) त्यामुळे कुस्ती, कराटे वा तायक्वांदो यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने दूध सोडले, की त्याने खुराकच सोडला असा समज सहज होतो. तो कितपत खरा, हे येथे पाहावयाचे आहे.

पहिली अडचण संज्ञेची आहे. आपल्या 'शाकाहारी' शब्दाला दूध वर्ज्य नाही. प्राणिजन्य असे काहीच न खाणाऱ्यांसाठी इंग्लंडात १९४४ साली 'वीगन' हा शब्द घडविण्यात आला. 'निरामिष' त्याला पुरत नाही, आणि 'दुग्धत्यागी' म्हटले तर मांसाचे काय, हा प्रश्न उरतोच. हा केवळ शब्दच्छल नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातील गोंड व माडिया समाजांत गाईचे दूध काढून पिण्याची चाल परंपरेने नव्हती; दूध वासराचे, अशी धारणा होती. मासे, कोंबडी व शिकार मात्र त्यांच्या आहारात होती. निरामिष पहिलवान मांस सोडून दुधावर उभा राहतो, माडिया तरुण दुधावाचून मांसमासळीवर. वीगन दोन्ही आधार काढून घेतो. दुधाशिवाय बळ येत नाही, हे म्हणणे अशा प्रकारे याच प्रदेशात खोटे ठरते. परंतु तेवढ्यावरून वीगन आहाराचे समर्थन होत नाही, हे उत्साही मंडळी विसरतात. दुधातील शर्करा पचविण्याची शक्ती पुष्कळांच्या ठायी बालपणानंतर ओसरते. वसतिगृहातील ज्या मुलाच्या पोटात दूध ठरत नाही, त्याला ते आग्रहाने पाजणे हा खुराक नव्हे, छळ होय.

म्हशीच्या एक लिटर दुधात सुमारे ४० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढीच सुमारे १८० ग्रॅम तूरडाळीतून किंवा १६० ग्रॅम शेंगदाण्यांतून मिळतात. कसून व्यायाम करणाऱ्यास शरीराच्या दर किलोस दिवसाला १.४ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, असे आज मानले जाते. ६० किलो वजनाच्या मुलास ८४ ते १२० ग्रॅम. नुसत्या भातावर हे जमणार नाही. भातात लायसिन कमी, ते डाळीत विपुल. म्हणून वरणभाताची जोडी शास्त्रशुद्धच आहे. चंद्रपूरच्या पश्चिम भागात पिकणारे सोयाबीन, शिवाय जवस व तीळ हाताशी आहेतच.

धोका आहे तो लाखोरीचा. झाडीपट्टीत धानाच्या बांधीत, कापणीपूर्वीच ओलीवर पेरली जाणारी ही डाळ स्वस्त, आणि प्रथिने तिच्यात शेकडा २८ च्या आसपास. परंतु तिच्यातील एका विषारी अमिनो आम्लाने, ती महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास, पाय लुळे पडतात. तिच्या विक्रीवर १९६१ साली बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठविली. रतन, प्रतीक, महातिवडा या वाणांत विषद्रव्य कमी असते; उकळून पाणी टाकून दिल्यास ते आणखी घटते, पण नाहीसे होत नाही. दूध-मांस सोडून स्वस्त डाळीवर प्रथिनांची सारी भिस्त ठेवणारा खेळाडू नेमका त्याच धोक्याच्या वाटेवर असतो, आणि लाथ मारण्याच्या विद्येत पायच भांडवल. म्हणून लाखोरी अधूनमधून, तूर-हरभरा-सोयाबीन नित्य.

उरते ब-१२ जीवनसत्त्व. ते मोहाच्या फुलांत नाही, आंबवलेल्या पिठात नाही, कोणत्याही रानभाजीत भरवशाचे नाही. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून आरंभी काहीच जाणवत नाही. पुढे मुंग्या येतात, तोल ढळतो. वीगन खेळाडूने ते गोळीच्या रूपानेच घ्यावयास हवे.